फटफटीवरचा लॉरेन्स

गेल्या दसऱ्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झेंडूच्या माळा घातलेल्या दुचाक्यांच्या रांगेत एक धिप्पाड, काळी मोटरसायकल उभी होती. चाकाखाली लिंबू, टाकीवर हळदकुंकू. शेजारच्या बिऱ्हाडातली पोरं ती कुणाची म्हणून एकमेकांना विचारत होती. ती माझी होती. वय वर्षे अठ्ठावन्न, डोळ्यांना दुहेरी काचांचा चष्मा, सकाळी रक्तदाबाची गोळी, आणि खाली आकुर्डीवाल्यांची डॉमिनार. इंजिन 373 सीसीचं, वजन माझ्या दुपटीहून बरंच जास्त. सौभाग्यवतींनी गाडीला ओवाळलं, पेढा माझ्या हातावर ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात त्या काही बोलल्या नाहीत याचा अर्थ फार मोठा असतो.

पुण्याचा माणूस दुचाकीवरच मोठा होतो, यात नवल नाही. आमचे वडील सायकलवरून हापिसात गेले. मी 1991 साली, वडिलांनी नंबर लावून ठेवलेल्या चेतकवर बसलो, आणि पुढची कित्येक वर्षं ती एका बाजूला तिरकी करून सुरू करण्यात घालवली. मग शंभर सीसीची एक गुणी, मुकी मोटरसायकल आली. पण मनात एक स्वप्न होतंच. ज्या गाडीवर बसून घाट वेगात चढता येईल आणि त्याच गाडीवर पाठ न मोडता कोकणात आठ दिवस हिंडताही येईल, अशी गाडी. शर्यतीची गाडी पळते पण माणसाला वाकवते. प्रवासाची गाडी बसवते पण रेंगाळते. या दोन्हींच्या मधल्या जातीला आता स्पोर्ट टूरर म्हणतात.

आणि मग सुरू झाला साजशृंगार. लग्नात मुलीपेक्षा दागिन्यांचीच चर्चा जास्त, तसं झालं. उंच काच, हाताला वारा लागू नये म्हणून हँडगार्ड, इंजिनाखाली पत्रा, पिशव्या टेकवायला नळ्यांची चौकट, मोबाइलचा खाच्या, धुक्यातले दिवे. काही कंपनीचं, बरंचसं नाना पेठेतलं. दर शनिवारी मी नाना पेठेत. आपण महाबळेश्वरला निघालोय की लढाईला, असं सौभाग्यवतींनी एकदा विचारलं. आणि मग, भाजी निवडता निवडता, वर न बघता, या सगळ्या यादीत हेल्मेट कितव्या नंबरावर आहे, असंही विचारलं.

हेल्मेट माझ्याकडे होतं. स्कूटरच्या डिकीत सात-आठ वर्षं पडलेलं, आतला स्पंज भुसा झालेला, बक्कल तुटलेलं. ते चालेल असं मी धरून चाललो होतो. पुण्यात किती दिवस चालतं तसं.

त्या विचारण्यामागे काय होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक. 1987 साली माझा आतेभाऊ लॉ कॉलेज रस्त्यावर वळणावर पसरलेल्या खडीवरून घसरला. घर पाऊण किलोमीटरवर. वेग इतका कमी की गाडीचा आरसासुद्धा फुटला नाही. हेल्मेट होतं, डाव्या कोपरात अडकवलेलं. आत्या त्यानंतर बारा वर्षं जगली, पण त्या रस्त्यानं कधी गेली नाही. रिक्षावाल्याला प्रभात रस्त्यानं वळसा घालायला लावायची.

त्याच सुमारास माझ्या हातात लॉरेन्स ऑफ अरेबियाचं चरित्र होतं. निमित्त असं की, लहानपणी कॅम्पातल्या एका थिएटरात वडिलांबरोबर त्याच्यावरचा 1962 चा तो प्रसिद्ध चित्रपट पाहिला होता. उंट, वाळू, पांढरे झगे हे सगळं नंतर पुसट झालं. लक्षात राहिली ती सुरुवात. एक माणूस मोटरसायकलला किक मारतो, झाडांमधल्या रस्त्यानं सुसाट जातो, आणि संपतो. पडद्यावरचा पीटर ओटूल सहा फुटांहून उंच होता. खरा लॉरेन्स जेमतेम साडेपाच फुटी. हे कळलं तेव्हा त्याच्याविषयी आपुलकी वाटली, कारण नव्या गाडीवर माझेही पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत.

टॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म 16 ऑगस्ट 1888 चा, वेल्समधल्या ट्रेमाडॉग गावचा. वडील मूळचे आयर्लंडमधले चॅपमन नावाचे जमीनदार. पहिली पत्नी आणि चार मुली मागे ठेवून ते मुलींना शिकवणाऱ्या बाईबरोबर निघून आले आणि दोघांनी लॉरेन्स हे आडनाव घेतलं. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळच्या इंग्लंडात ही गोष्ट केवढी लपवावी लागे! पाच मुलगे झाले, बिऱ्हाड 1896 मध्ये ऑक्सफर्डला स्थिरावलं. नाव अंगरख्यासारखं बदलता येतं, हे या मुलाला घरातच कळलं असणार. पुढे त्यानं स्वतः दोनदा बदललं.

चाकांचा नाद कॉलेजातला. किल्ल्यांचा अभ्यास करायचा म्हणून तो सायकलवरून फ्रान्स पालथा घालू लागला. 1908 च्या उन्हाळ्यात त्यानं चोवीसशे मैल, म्हणजे 3,800 किलोमीटरहून अधिक सायकल मारली. पुढच्या वर्षी सीरियात धर्मयुद्धातले किल्ले पाहायला हजारएक मैल पायी हिंडला. किल्ल्यांसाठी पायपीट करणारा माणूस आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे दर रविवारी पहाटे स्वारगेटला असे पाचपन्नास भेटतात. फरक इतकाच, की त्या हिंडण्यातून त्याला अरबी आली, नकाशे आले, आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश लष्कराला नेमकं तेच हवं होतं.

अरबस्तानातल्या कामगिरीवर ढिगानं पुस्तकं आहेत, मी त्यात शिरत नाही. तुर्की सत्तेविरुद्ध उठलेल्या अरबांबरोबर तो दोन वर्षं राहिला. जुलै 1917 मध्ये अकाबा बंदर पडलं, ऑक्टोबर 1918 मध्ये दमास्कस. दोन धाकटे भाऊ 1915 मध्येच युद्धात गेले होते. अरबांना स्वातंत्र्य मिळेल असं सांगत तो त्यांच्याबरोबर लढला, आणि त्याच वेळी ब्रिटन व फ्रान्स यांनी 1916 च्या गुप्त करारात तो मुलूख आपसांत वाटून घेतला होता. हे त्याला माहीत होतं. कुणी त्याला वीर मानतात, कुणी साम्राज्याचा धूर्त हस्तक. मला वाटतं, तो पुढची सतरा वर्षं ज्या रीतीनं जगला, त्यात या गोष्टीची टोचणी फार होती. कर्नलच्या हुद्द्याचा, जगभर गाजलेला हा माणूस 1922 च्या ऑगस्टमध्ये रॉस हे खोटं नाव सांगून हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी चार महिन्यांत छडा लावला, नोकरी गेली. मग शॉ या नावानं रणगाडा दलात, डॉर्सेट परगण्यातल्या बॉव्हिंग्टन छावणीत. 1925 मध्ये खटपटी करून पुन्हा हवाई दलात. बराकीत पंधरा-वीस जणांबरोबर झोपायचं, फरशी पुसायची, बूट चमकवायचे.

आणि बराकीबाहेर उभी असायची त्या काळातली जगातली सर्वांत महागड्यांपैकी एक मोटरसायकल!

नॉटिंगहॅमचा जॉर्ज ब्रॉ. त्याचे वडीलही मोटरसायकली बनवत, ब्रॉ याच नावाच्या. मुलानं 1919 मध्ये वेगळी चूल मांडली आणि आपल्या गाडीचं नाव ठेवलं ब्रॉ सुपीरियर. म्हणजे वडिलांची काय, दुय्यम? त्या घरातलं त्या दिवशीचं जेवण कसं झालं असेल याची कल्पना करावी. पण गाडी खरंच सरस निघाली. उत्तम इंजिन एकाकडून, गिअर दुसऱ्याकडून असे निवडक भाग आणून तो गाडी जुळवी, मग सगळी सुटी करून रंगवी आणि पुन्हा जुळवी. वीसएक वर्षांत अशा सुमारे तीन हजारच गाड्या झाल्या. एसएस 100 हे तिचं गाजलेलं रूप. दोन सिलिंडरांचं सुमारे हजार सीसीचं इंजिन आणि ताशी शंभर मैलांची, म्हणजे 160 किलोमीटरची हमी. ही 1920 च्या दशकातली गोष्ट आहे. त्यानंतर सत्तर वर्षांनीही आमची चेतक ऐंशीला थरथरायची.

मला विशेष मौज वाटली ती वेगाची नव्हे. 1925 मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्प्स पर्वतातल्या कसोटीत ब्रॉनं नाव मिळवलं आणि त्या अनुभवावरून एसएस 100 ची एक नवी आवृत्ती काढली, आल्पाइन ग्रँड स्पोर्ट्स. तीच वेगवान गाडी, पण लांबच्या प्रवासाला सजवलेली. पुढे वारा अडवायला काच, मागे सामानाच्या पिशव्या. नाना पेठेत जे मी नवं म्हणून मोजून पैसे देऊन घेत होतो, ते शंभर वर्षांपूर्वी नॉटिंगहॅमला मिळत होतं.

लॉरेन्सनं पहिली ब्रॉ 1922 मध्ये घेतली, आणि मग एकामागून एक अशा सात. बनवणाऱ्याच्या नावावरून त्यांना पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज अशी राजांसारखी नावं, आणि लाडाचं नाव बोआनेर्गेस. बायबलमध्ये येशूनं याकोब आणि योहान या शिष्यांना दिलेलं हे नाव. अर्थ गर्जनेचे पुत्र. बुटक्या अंगाला सोसेल अशा बेतानं तो गाडी करवून घेई. स्टेनलेस स्टीलची खास टाकी बनवून घेतलेली. शिपायाच्या पगारात हे भागत नव्हतंच. पुस्तकांच्या आणि भाषांतरांच्या पैशावर ही चैन चाले, आणि स्वतःच्या ग्रंथाची देखणी आवृत्ती 1926 मध्ये काढून त्यानं कर्जही करून ठेवलेलं. ते फेडायला संक्षिप्त आवृत्ती काढली, ती धो धो खपली, तर कर्ज फिटल्यावरचा नफा हवाई दलाच्या धर्मादाय निधीला देऊन टाकला. असा हिशोब आमच्या घरात चालला नसता.

क्रॅनवेल तळावर असतानाचा त्याचा एक दिवस त्यानं स्वतः लिहून ठेवला आहे. द मिंट या नावानं ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, 1955 मध्ये बाजारात आलं. दुपारी सुटी झाली की हा गाडी काढणार. लिंकनशरमधले जुने रोमन रस्ते सुतासारखे सरळ. वर एक लढाऊ विमान दिसलं, तर त्याच्याशीच शर्यत. पण या सगळ्या थरारानंतर तो करतो काय? लिंकनमध्ये डुकराच्या मांसाचे पातळ काप घेतो, नॉटिंगहॅमला सॉसेज घेतो, वाटेतल्या शेतावरून पंधरा अंडी घेतो. अंड्यांसाठी मऊ नमद्याचं अस्तर लावलेली पेटी त्याच्याकडे होती. हे सगळं खोगिरामागच्या भक्कम पिशव्यांमध्ये घालून, एकही अंडं न फोडता, बराकीतल्या सोबत्यांच्या संध्याकाळच्या खाण्यासाठी परत. अकाब्याच्या विजेत्यापेक्षा हा अंडी सांभाळत येणारा माणूस मला जास्त जवळचा वाटतो.

डिसेंबर 1926 मध्ये त्याला हिंदुस्थानात पाठवलं. डर्बीशर या बोटीनं जानेवारी 1927 मध्ये तो कराचीला उतरला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे एका अर्थी आपल्याच कारभारात. तिथल्या ड्रिग रोडच्या तळावर विमानांची इंजिनं दुरुस्त होत, हा तिथे कारकुनी करी. दोन वर्षं मोटरसायकल नाही. तळाबाहेरही तो फारसा पडत नसे. आपला देश त्यानं जवळजवळ पाहिलाच नाही, हे वाचून मला थोडा रागच आला. पुढे 1928 मध्ये वझिरिस्तानातल्या मिरानशाहच्या लहानशा गढीत बदली झाली. तारांच्या कुंपणाआड बसून त्यानं होमरच्या ओडिसीचं भाषांतर करायला घेतलं. तेवढ्यात अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध बंड झालं आणि यामागे लॉरेन्सच आहे अशी आवई वर्तमानपत्रांनी उठवली. सरकारनं जानेवारी 1929 मध्ये घाईघाईनं त्याला मुंबईहून बोटीत बसवून दिलं. घरी पोचल्यावर काही मित्रांनी मिळून घेतलेली नवी कोरी ब्रॉ त्याची वाट पाहत होती.

शेवटची वर्षं बहुधा त्याची सर्वांत सुखाची. प्लिमथजवळ 1931 मध्ये एक समुद्री विमान डोळ्यांदेखत पडलं, मदतीची नाव वेळेवर पोचेना. तेव्हापासून त्यानं वेगवान बचावनौका तयार करण्याच्या कामात स्वतःला गाडून घेतलं. तेलानं हात माखलेले, इंजिनांचे आवाज, सगळं मनासारखं. फेब्रुवारी 1935 मध्ये ब्रिडलिंग्टनला नोकरीची मुदत संपली. निवृत्त होताना मोटरसायकल परवडणार नाही असा हिशोब त्यानं केला होता. जगातली उत्तमोत्तम यंत्रं हाताळलेला हा माणूस दक्षिणेकडे घरी निघाला तो सायकलवरून. सेहेचाळीस वर्षांचा होता. वाचताना मी इथे थांबलो. गोष्ट इथे संपली असती तर!

सायकलवर त्याचं मन रमेना. क्लाउड्स हिल हे त्याचं बॉव्हिंग्टनजवळचं झोपडीवजा घर. वीज नाही, स्वयंपाकघर नाही. सोमवार, 13 मे 1935 ला सकाळी तो ब्रॉ काढून छावणीच्या पोस्टात गेला. एक पार्सल टाकायचं होतं आणि हेन्री विल्यमसन या लेखक मित्राला जेवायला ये म्हणून तार करायची होती. जायला-यायला काही मिनिटांचा रस्ता. परतताना रस्त्यातल्या खोलगट उतारापलीकडे सायकलवरून चाललेली दोन मुलं एकदम समोर आली. त्यांना चुकवायला त्यानं गाडी वळवली, एकाच्या सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलं वाचली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली सापडली. म्हणजे शंभर मैलांची हमी असलेली ती गाडी त्या क्षणी फार वेगात नसावी. तिला नुकसानही बेताचंच झालं. पुढे ती दुरुस्त होऊन विकली गेली. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून 19 मे 1935 ला, रविवारी, तो गेला. मोरटनच्या चर्चमधल्या अंत्यविधीला चर्चिल आले होते. आठव्या ब्रॉची मागणी नोंदवलेली होती.

मी पुस्तक मिटलं आणि सौभाग्यवतींना हे सांगितलं नाही. पाऊण किलोमीटर, उतार, न फुटलेला आरसा. काय सांगायचं?

लॉरेन्सवर उपचार करायला लंडनहून जे तज्ज्ञ बोलावले, त्यांत ह्यू केर्न्स नावाचे मूळचे ऑस्ट्रेलियातले मेंदूचे शल्यविशारद होते. हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण डॉक्टरांच्या मनातून ही केस गेली नाही. शर्यतीतले स्वार डोक्याला संरक्षण वापरत, 1914 पासून ते सक्तीचंही झालं होतं; रस्त्यावरचा माणूस मात्र टोपी किंवा उघडं डोकं. दुसरं महायुद्ध सुरू झालं, दिवे मालवलेल्या रस्त्यांवर लष्करी निरोपे मोटरसायकलवरून धावू लागले, आणि पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये 2,279 मोटरसायकलस्वार व मागे बसणारे मेले. डॉ. केर्न्स यांनी ऑक्टोबर 1941 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या मृत्यूंचा हिशोब मांडला. मरण येतं ते बहुतेक डोक्याच्या दुखापतीनं, आणि शिरस्त्राण घातलेल्या ज्या थोड्या अपघातग्रस्तांना त्यांनी तपासलं होतं, ते वाचले होते. ऑक्सफर्डचे पदार्थवैज्ञानिक होलबोर्न यांनी जिलेटिनचे नमुने करून कवटीच्या आत मेंदूला हिसका कसा बसतो तेही दाखवलं. लष्करानं नोव्हेंबर 1941 मध्ये निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचं केलं आणि 1946 च्या लेखात मृत्यूंचा उतरता आलेख छापून आला. सामान्य ब्रिटिश नागरिकांवर सक्ती यायला मात्र 1973 उजाडलं. डॉ. केर्न्स 1952 मध्येच गेले होते.

आपल्याकडे कायदा 1988 चा, कलम 129. पुण्यात त्याचं काय झालं ते मी पुणेकरांना काय सांगणार! 2019 च्या जानेवारीत पोलिसांनी नेट लावला तर हेल्मेटविरोधी मोर्चा निघाला. मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात, शहरात वेगच कुठे आहे. हे सगळे मुद्दे मी स्वतः चारचौघांत, चहाच्या टपरीवर, रंगात येऊन मांडलेले आहेत. आतेभावाचं नाव मनात असताना मांडलेले आहेत, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढच्या शनिवारी नाना पेठेत गेलो तो धुक्यातले दिवे परत करायला. दुकानदारानं ते घेतले नाहीत, पण बदल्यात दुसरं काही घ्या म्हणाला. मी वरचे पैसे घालून दोन हेल्मेट घेतली. हनुवटीपर्यंत झाकणारी, आयएसआय शिक्क्याची. एकासाठी सौभाग्यवतींच्या डोक्याचं माप टेपनं घेऊन गेलो होतो. अंबाड्यासकट घ्यायचं की सोडून, यावर घरी बराच वाद झाला.

फेब्रुवारीत आम्ही दिवे घाटातून सासवडला जाऊन आलो. गजरा चपटा झाला ही तक्रार घाट चढेपर्यंत चालू होती, हेल्मेटच्या आतून, त्यामुळे मला निम्मीच ऐकू आली. परतताना पुरंदरचे अंजीर घेतले, दोन किलो. उजव्या पिशवीत तळाला जुना टॉवेल अंथरून, वर एकेक थर लावून सौभाग्यवतींनीच ते रचले. घरी येऊन उघडले तेव्हा तीन फुटले होते.